खंडेनवमीची सफाई

“याला शेवटचा हात कोणी लावला?”

अंजुम मुल्ला मॅडमनी हे विचारलं तेव्हा माझं तोंड भडंगानं भरलेलं होतं. म्हणून मी काही बोलले नाही. नंतर मी स्वतःला हेच सांगत राहिले, की तोंडात भडंग होतं.

कॉम्प्युटरच्या गळ्यात खंडेनवमीची झेंडूची माळ अजून तशीच होती, पार वाळून गेलेली. मॉनिटरच्या कपाळावर हळदीकुंकवाचं बोट. मॅडम कोल्हापूरहून आल्या होत्या. कॉम्प्युटरमध्ये चोरी झाली की माग काढायचं त्यांचं काम. मला वाटलं होतं, आल्या आल्या खुर्चीत बसून खटाखट बटणं दाबतील. पण त्यांनी आधी मोबाइल काढला आणि कॉम्प्युटरचे फोटो घेतले. समोरून, बाजूनं, मागून, वायरींचे वेगळे. नवरीचे काढतात तसे! मला हसूच येत होतं.

“माळ काढू का?” सुलभाकाकूंनी विचारलं.

“नको. कशालाच हात लावू नका,” मॅडम म्हणाल्या.

आमच्या कराडातलं हे वधूवर सूचक केंद्र. मारुतीच्या देवळामागं, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. सुलभाकाकू शेवाळे तिथं बावीस वर्षं होत्या. नोंदणी त्याच करायच्या, पत्रिका त्याच लावायच्या, आणि मुलाकडच्यांनी जास्त नखरे केले तर ऐकवायच्याही त्याच. “तुमचा मुलगा काय सोन्याचा आहे का हो? असला तरी हल्ली पोरी वजन करून बघतात!” माझी आई एसटीत कंडक्टर. शाळा सुटली की मी घरी न जाता काकूंकडेच बसायची. गृहपाठ, भडंग, आणि काकूंच्या गप्पा. मी तेव्हा आठवीत होते. कॉम्प्युटर अडला की काकू हाक मारायच्या, “केते, तुझं पोरगं रुसलं बघ.” मी केतकी. पण केते म्हणायचा हक्क फक्त काकूंचा.

त्या दिवशी खोलीत आम्ही चौघंच होतो. चौथे जगदाळे नाना, केंद्राचे सचिव. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं हळू. नाना रागावले की आणखी हळू बोलायचे.

घडलं होतं ते भयंकरच होतं. केंद्रात नाव नोंदवलेल्या एका ताईचा फोटो आणि नंबर कुठल्याशा घाणेरड्या साइटवर कोणीतरी टाकला होता. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला दिवसरात्र फोन यायला लागले. मग कळलं, ती एकटी नाही. आणखी सात-आठ जणींचे नंबर बाहेर गेले होते, आणि सगळ्या आमच्याच केंद्रातल्या. तिचे वडील दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन टेबलावर हात आपटून गेले. “ही माहिती इथूनच गेलीय. कोणी दिली ते सांगा, नाहीतर मी पोलिसात जातो.”

केंद्राची किल्ली काकूंकडे. कॉम्प्युटरवर दिवसभर काकू. मग लोक काय म्हणणार? नानांनी स्वतः असं काही म्हटलं नव्हतं. ते फक्त म्हणाले होते, “सुलभाबाई, तुमच्याबद्दल मला शंका नाही. पण लोकांना कसं सांगू?”

मॅडम खूप वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, “या सॉफ्टवेअरमध्ये नोंद असते. कोण आत आलं, कुठल्या नावानं, किती वाजता, कोणाची माहिती उघडली. घरून उघडलं तरी नोंद होते. ती नोंद असती तर दहा मिनिटांत सांगितलं असतं मी, कोणी केलं ते. आणि कोणी नाही केलं, तेही.”

“असती तर म्हणजे?” नाना म्हणाले.

“पुसलीय कोणीतरी. मुद्दाम. खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी.”

मी भडंगाची पुडी मिटली.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. सुतार करवत पुजतो, शिंपी मशीन. आईच्या डेपोत गाड्यांना केळीचे खांब बांधतात. केंद्रात काय पुजणार, तर कॉम्प्युटर! काकूंनी सकाळीच पाट मांडला होता. दुपारी मी पोचले तर म्हणाल्या,

“केते, फडकं घे आणि धूळ पूस बघू त्याची. देवापुढं असा मळका बसवायचा का? मी हार घेऊन येते मंडईतून.”

काकूंनी सांगितलं ते एवढंच. फडकं घे आणि धूळ पूस.

मी धूळ पुसली. पाच मिनिटांत झाली. आणि मग मला सुचलं! माझं हे असंच, सुचलं की सुचलं. आठ दिवसांपूर्वीच मी एक व्हिडिओ बघितला होता, जुना कॉम्प्युटर नव्यासारखा पळवायचा कसा त्याचा. म्हटलं, काकूंना गंमत दाखवू. रोज बिचाऱ्या त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतात. मग मी बसले आणि जे जे जुनं, जे जे जागा खाणारं, ते सगळं साफ केलं. आमच्या घरी दिवाळीआधी आई माळ्यावरचं काढते तसं, न बघता. त्यात एक भलीमोठी यादी होती, हजारो ओळींची. नाव, तारीख, वेळ, नाव, तारीख, वेळ. खाली बटण होतं, पुसायचं का? मी म्हटलं, हो की!

काकू हार घेऊन आल्या तेव्हा कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळत होता.

“अगं बया! हा आपलाच ना?” काकूंनी माझी अलाबला घेतली, बोटं कानशिलावर मोडली. पूजा झाली. नानांनी पेढे वाटले आणि मला दोन दिले. “ही पोर नाव काढणार,” असं म्हणाले. मी घरी नाचत गेले. खरंच, नाचत.

*

“दुपारी इथं कोण होतं?” मॅडमनी विचारलं.

काकू काही बोलायच्या आत नाना माझ्याकडे वळले. हळू आवाजात म्हणाले, “केतकी, बाळ, तू साफसफाई केलीस ना त्या दिवशी? घाबरू नकोस. तू लहान आहेस. तुला कोणी सांगितलं होतं का करायला?”

तो प्रश्न कसा होता सांगू? जिन्याच्या खालच्या पायरीवर कोणीतरी उभं राहून हात पुढं करतं ना, उडी मार, मी धरतो, तसा होता. मी उडी मारली.

“काकूंनी सांगितलं.”

खोटं कुठं होतं त्यात? सफाई करायला काकूंनीच सांगितलं होतं. फडक्यानं, हे एवढंच मी सांगितलं नाही. आत्ता सांगू, असं वाटत होतं. पुढच्या वाक्याला सांगू. पण पुढचं वाक्य नानांनी घेतलं.

“बघा मॅडम.” बस्स, एवढंच म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. गाडी चुकल्यावर माणूस रस्त्याकडे बघतं ना, तसं. मग त्या मॅडमना म्हणाल्या, “हो. साफ कर म्हणाले होते मी.”

“नक्की काय साफ कर म्हणालात?” मॅडमचा आवाज कडक नव्हता. त्या पुढं वाकून विचारत होत्या. “ही यादी पूस म्हणालात?”

काकू पुन्हा माझ्याकडे बघत राहिल्या. वाट बघत होत्या, हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी भडंगाच्या पुडीला घड्या घालत होते. लहान, अजून लहान.

“साफ कर म्हणाले,” काकू म्हणाल्या.

मॅडमनी उसासा टाकला. मग आम्हा सगळ्यांना सांगितलं, “हे बघा, चोरी कुठंही होऊ शकते. पण ती व्हायच्या आधी तयारी पाहिजे. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आणि काही घडलं तर पहिलं काम म्हणजे काही न करणं. बंद करायचं नाही, पुसायचं नाही, आहे तसं ठेवायचं आणि कळवायचं. घरात चोरी झाली तर आपण आधी केर काढतो का? इथं नेमका केर काढलाय.” मग त्यांनी शेवटचं विचारलं. एकेकाकडे बघत. “त्या यादीचा एखादा फोटो? छापलेला कागद? कोणाच्या फोनमध्ये काही? अगदी अर्धवट असलं तरी चालेल.”

“नाही,” नाना म्हणाले.

“नाही हो,” काकू म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणाले.

*

होता. व्हिडिओ होता!

कुठलंही काम मी तेव्हा व्हिडिओ काढल्याशिवाय करतच नव्हते. आधी आणि नंतर. वेणी आधी आणि नंतर, कपाट आधी आणि नंतर. खंडेनवमीलाही काढला होता. मीच बोलतेय त्यात, एका हातात फोन, एका हातात माउस: “तर मंडळी, बघा हा कचरा! सुलभाकाकूंनी फक्त धूळ पुसायला सांगितलीय, पण आपण करणार आहोत सरप्राइज सफाई! काकूंना पत्ताच नाही! आणि ही बघा यादी, केवढी मोठी, बाई गं…” आणि ती यादी वर सरकते. हळूहळू. सगळं वाचता येतं.

मॅडम गेल्यावर घरी मी मोरीची कडी लावून तो पुन्हा बघितला. एके ठिकाणी थांबवला. गणपतीच्या दिवसांतल्या ओळी होत्या, एकीखाली एक. तेव्हा केंद्र बंद होतं आणि काकू मुक्ताताईकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, पुण्याला होत्या. प्रत्येक ओळीत नाव एकच. सचिव. सचिव. सचिव.

नानांनी स्वतः केलं असेल असं मी आजही म्हणत नाही. त्यांचा पुतण्या लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा, मांडवापासून फोटोपर्यंत सगळ्या, आणि नानांचा पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ होता. पण ते मी ठरवायचं नव्हतंच. मी फक्त फोन पुढं करायचा होता.

पण त्याच व्हिडिओत माझा आवाज होता. ‘फक्त धूळ पुसायला सांगितलीय.’ तो दाखवला असता तर काकू सुटल्या असत्या आणि मी पकडले गेले असते. यादी पुसली म्हणून नाही, ते तर अजाणता झालं होतं. सगळ्यांसमोर काकूंवर ढकललं म्हणून.

मी तो पुसला.

आणि मग आठवलं, खंडेनवमीच्या संध्याकाळी मी तो काकूंनाही पाठवला होता. तीन नाचणाऱ्या बाहुल्यांसकट.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरी गेले. त्या गॅससमोर उभ्या होत्या, चहा उतू जाऊन गेला होता आणि त्यांचं लक्षच नव्हतं.

“काकू, तुमचा फोन हँग होतोय ना? द्या, बघते.”

त्यांनी दिला. लगेच दिला. हात पुसून, दोन्ही हातांनी.

मी आमच्या गप्पांतून काढला, गॅलरीतून काढला. काकू पाठमोऱ्या होत्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“शहाणी गं माझी,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही, कारण मला ऐकायचंच नव्हतं.

माझ्या फोनमध्ये पुसलेलं लगेच जात नाही. एका कचरापेटीत महिनाभर राहतं, आणि खाली उरलेले दिवस दिसतात. मी रोज बघायची. शाळेत निघताना, झोपताना. एक बोट लावलं की परत येणार होता. त्या महिन्यात काकूंना कमिटीनं बोलावलं. पोलिसात जाणार नाही, पण तुम्ही स्वतःहून थांबा, असं सांगितलं. काकूंनी किल्ली टेबलावर ठेवली. जिना उतरताना मंडईतल्या बायका गप्प झाल्या, हे मी खालून पाहिलं. एकजण तर म्हणाली, “पोरींचे फोटो विकले म्हणे.” मी घरी पळत आले, पेटी उघडली. अजून होता. बोट वर धरलं. धरूनच राहिले.

एके सकाळी पेटी रिकामी होती.

मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

*

काकू मग घरी रुखवत करायला लागल्या. खारकांची नवरा-नवरी, लोकरीची तोरणं, साखरेचं तुळशीवृंदावन. ज्यांची लग्नं त्यांनी जमवली होती ती माणसं आली. बाकीची आली नाहीत.

केंद्रात मात्र आता मॅडमच्या सांगण्याप्रमाणे सगळं होतं. वेगळी नावं, वेगळे पासवर्ड, दर शनिवारी नोंदींची प्रत कोल्हापूरला. भिंतीवर फलक आहे: बंद करू नका, पुसू नका, आहे तसं ठेवा, कळवा. अक्षर माझं आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून नानांनी मलाच लिहायला दिला, आणि मी लिहिला. खाली वेलबुट्टीसुद्धा काढली.

आणि मी भाषणं करायला लागले. आधी वर्गात, मग आंतरशालेय. विषय, आपली माहिती आपली सुरक्षा. मला बोलता येतं हो! उभी राहिले की पाय कापत नाहीत, शब्द आपोआप येतात, लोक टाळ्या वाजवतात. यंदा, दहावीत असताना, वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले. बक्षीस समारंभाला काकू आल्या होत्या. शेवटच्या रांगेत, एकट्या. टाळ्या वाजवत होत्या.

आईला सांगावं असं कितीदा वाटलं. ती ड्युटीवरून येते, पाय गरम पाण्यात सोडून बसते. मी शेजारी जाऊन बसते. “काय गं?” ती विचारते. “काही नाही,” मी म्हणते. दोन वर्षं हेच.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी काकूंची हाक आली. “केते! ये गं जरा.”

त्यांच्या घरी, खोलीत पाटावर त्यांची कात्री होती, सुई-दोऱ्याचा डबा, गोंदाची बाटली. सगळ्यांना कुंकू. शेजारी मोबाइल.

“हाही पुजायचा. ऑर्डरी यावरच येतात आता. पण भरलाय म्हणतो सारखा. जरा साफ करून दे. तुला येतंय.”

दोन्ही हातांनी दिला. तसाच.

मी खाली बसले. सकाळचे शुभेच्छांचे फोटो, गुलाब, गणपती. ते काढत गेले. रुखवताचे फोटो ठेवले, मुक्ताताईच्या बाळाचे ठेवले. आणि मग एका चौकोनात मीच होते. दोन वेण्या, आठवीतली. मागं मॉनिटर.

बोट थांबलं.

काकू दोऱ्यात लोकरीचा गोंडा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तो राहू दे. छान बोललीयस त्यात.”

मला आवाजच फुटेना. भाषणात पहिली आलेली मी!

“हा… हा तर मी…”

“पुसला होतास. ठाऊक आहे की. पण आला तेव्हाच मी मुक्ताला पाठवला होता ना. म्हटलं, बघ आपली केती किती गोड बोलते. तिनं ठेवला जपून. परत पाठवला मागं.”

“म्हणजे तेव्हाच तुम्हाला…”

“तुझ्या हातात फोन दिला तेव्हाच कळलं मला.”

“मग दाखवला का नाही काकू? मॅडम तर विचारत होत्या! तुमची नोकरी… लोक काय काय बोलले…”

“मुक्ता भांडली माझ्याशी. आठ दिवस बोलली नाही.” काकूंनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला. “मी तिला म्हटलं, थांब. आठवीतली पोर आहे, आपण दाखवला तर जन्मभर ती चोर. स्वतः सांगितलं तर नाही. सांगेल ती. आज सांगेल, उद्या सांगेल. असं करत थांबले.” मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मग तू भाषणं करायला लागलीस. चांगली करतेस हं.”

खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षाला हार घालत होतं, हॉर्न वाजवून बघत होतं. मी रडले नाही. रडले असते तर काकूंनी जवळ घेतलं असतं, आणि मग ते तिथंच संपलं असतं. मला ठाऊक होतं ते.

मी फोन हातात धरला. बंद केला नाही. काही पुसलं नाही. आहे तसा ठेवला.

“काकू, चला.”

“कुठं?”

“केंद्रात. आज पूजा आहे, सगळी कमिटी असेल. मॅडमना मी जाता जाता फोन करते.”

“नाना असतील.”

“असू देत.”

काकूंनी हातातला गोंडा उलटसुलट करून बघितला. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ दे गं, झालं ते झालं. मी मनात म्हणत होते, म्हणू नका काकू, कृपा करून म्हणू नका.

त्या उठल्या. मांडीवरची लोकर झटकली.

“थांब,” म्हणाल्या. “जरा बरी साडी नेसते.”